लवूदादाच्या एकतीस पेट्या

लवू शिवलकरने घर विकायला काढलं आणि पुढचे चार महिने तो त्याच घरात, माझ्या भांड्यांवर राहिला. मी एकटी बाई. माझ्याकडे दोन पातेली, एक कढई, एक तवा आणि पाहुणा आलाच तर असावीत म्हणून दोन जादा ताटं. एवढ्याशा संसारात चौऱ्याऐंशी साली तीन माणसं जेवत होती, मी आणि शेजारची दोघं. त्यांची आमटी उकळत असली की माझा भात खोळंबायचा. शाळेत मी मुलांना शिस्तीचे धडे द्यायचे आणि घरी आले की स्वतःच्याच कढईसाठी दोन घरांमधल्या गडग्यावरून हाका मारायचे. मुलं मला चिडकी म्हणतात. खोटं बोलत नाहीत ती, पण त्या चार महिन्यांत माझ्या जागी कुणीही चिडकं झालं असतं.

लवूदादा आंब्याच्या पेट्या भरायचा. रत्नागिरीत हे काम करणारे पुष्कळ, पण आप्पा बागायतदारांच्या बागेतल्या मांगरात, म्हणजे आंबे भरायच्या शेडमध्ये, लवूदादाचा शब्द शेवटचा. आंबा उचलून अंगठ्याने नुसता चाचपला की तो किती दिवसांनी पिकेल ते सांगायचा, आणि त्यावर पेटीतली त्याची जागा ठरायची. खाली पेंढा, कडेला पेंढा, प्रत्येक थरावर पेंढा, मग वरून फळ्या आणि खिळे. खिळा दोन ठोक्यांत आत गेला पाहिजे. तिसरा ठोका मारावा लागला तर दिवसभर तोंड पाडून बसायचा. आप्पांचा मार्का म्हणजे गोलातला 'आ'. तो मार्का असलेली पेटी मुंबईच्या फळबाजारात न उघडता विकली जाते, हा त्याच्या आयुष्याचा अभिमान. त्यातूनच त्याचा नियम आलेला होता, की ठोकलेली पेटी फोडायची नाही. फोडलेली पेटी पुन्हा कितीही नीट ठोकली तरी ती फोडलेलीच, असं तो म्हणायचा. आंब्याच्या बाबतीत ते बरोबर असेलही.

घर विकायचं ते त्याच्या बायकोसाठी, हौसावहिनीसाठी. वहिनीचं माहेर सावर्ड्याचं, एसटीने अडीच तासांवर, पण तीस वर्षांत ती तिथे धड आठ दिवस राहिली नव्हती. माहेरची लग्नं, जत्रा, भावकीतली जेवणं, जे काही चांगलं घडायचं ते चैत्र-वैशाखात. नेमका तेव्हाच लवूदादा मांगरात. त्याचा डबा कोण पोचवणार, म्हणून वहिनी रत्नागिरीत. धाकट्या बहिणीच्या, चिमाच्या लग्नालासुद्धा तिला जाता आलं नाही. "पुढच्या वर्षी नक्की," असं लवूदादा दरवर्षी म्हणायचा आणि म्हणताना त्याला ते मनापासून खरं वाटायचं. त्यामुळे त्याच्यावर नीट रागावताही येत नसे.

चिमा आता विधवा झाली होती, डोळ्यांनी अधू होती आणि एकटी राहत होती. तिच्या भिंतीला भिंत लावून दत्तात्रेय मास्तरांचं तीन खोल्यांचं घर होतं आणि ते विकायचं होतं. दिवाळीत लवूदादा तिकडून आला तो ठरवूनच आला. इथलं घर विकायचं, मास्तरांचं घ्यायचं आणि हौसाला तिच्या बहिणीच्या शेजारी नेऊन बसवायचं. मास्तर भला माणूस. त्यांनी शब्द दिला की अक्षय तृतीयेपर्यंत थांबतो, त्यानंतर मात्र घर पुतण्याला देईन. म्हणजे इथल्या घराचं खरेदीखत अक्षय तृतीयेच्या आत झालं पाहिजे, नाहीतर वहिनीचं माहेर पुन्हा पुढच्या वर्षावर.

गिऱ्हाईक लवकर मिळालं. जयगडकडचा भागोजी, मुंबईच्या गोदीतून निवृत्त झालेला, सुनेला दमा म्हणून दवाखान्याजवळ घर शोधत होता. संक्रांत झाल्यावर साठेखत झालं. पंधरा दिवसांत खरेदीखत करू, असं भागोजी म्हणाला, आणि इथे लवूदादाचं डोकं फिरलं.

दुसऱ्याच दिवशी आप्पांकडून गेल्या हंगामातल्या एकतीस रिकाम्या पेट्या आणि गाडीभर पेंढा आला. पेट्यांवर गोलातला 'आ' होताच. लवूदादाने त्याखाली काव लावून नंबर घातले आणि दोन दिवसांत अख्खा संसार पेंढ्यात बसवला. पितळी डबे, पाटा-वरवंटा, वहिनीची लुगडी, दिवाळीतले कंदील, सगळं. कपाला कप लागलेला त्याला चालत नव्हता. घराचे कागद आणि रेशनकार्ड पेटी नंबर एकमध्ये तळाशी गेले, उंदरांपासून सुरक्षित. देवसुद्धा पेटीत गेले. वहिनी अडून बसली म्हणून देव्हाऱ्यात एक सुपारी तेवढी राहिली. तिसऱ्या दिवशी पहाटे चारला त्यांच्याकडे गजर वाजायला लागला आणि थांबेना, म्हणून मी उठून गेले. लवूदादा पेटी नंबर बाराला कान लावून बसला होता. गजराचं घड्याळ चालू होतं तसंच त्याने ठोकून टाकलं होतं. मी म्हटलं, फळी काढ आणि बंद कर. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी अभद्र बोलले असावे. किल्ली उतरेपर्यंत घड्याळ दोन पहाटे वाजलं.

त्याचा स्वतःचा चष्माही आत गेला होता, नंबर सतरामध्ये. तोही त्याने काढला नाही. पंधरा दिवसांचाच तर प्रश्न आहे, म्हणाला. मग माझं एक पातेलं मागायला वहिनी आली. मग तवा, मग विळी, मग गाळणं. मीही दिलं, कारण पंधरा दिवसांचाच तर प्रश्न होता.

पंधरा दिवसांनी कळलं की घराच्या उताऱ्यावर लवूदादाचा भाऊ धोंडू याचंही नाव आहे आणि त्याची सही लागेल. धोंडू मुंबईला. पत्र गेलं, उत्तर आलं, की आता रजा नाही, शिमग्याला येतोच आहे. शिमग्याला मुंबईहून सगळेच येतात, तेव्हा त्याला दोष देता येईना. तो आला, पालखी नाचवली, मुखत्यारपत्रावर सही केली आणि गेला. तेवढ्यात भागोजीने आपल्या गावच्या देवाला कौल लावला. देवाला तांदूळ चिकटवून विचारायचं, उजवा कौल पडला तर पुढे जायचं, डावा पडला तर थांबायचं. डावा पडला. आता देवाला आमच्या शहरातल्या दस्तांचं काय कळतं, असं मी म्हणाले, तेव्हा भागोजीने दोन्ही कान पकडले. तो दर रविवारी घर बघायला यायचा, पेटीवर बसायचा आणि माझ्या कपातून चहा घ्यायचा. गुढीपाडव्यानंतर पुन्हा कौल लावतो, म्हणाला.

या सगळ्यात वहिनी काही बोलत नव्हती. तिने आपला एक नेम धरला होता. दर शनिवारी मिरकरवाड्यातून सुकी मासळी आणायची, मोठी टोपली भरायची आणि सकाळच्या एसटीने चिमाकडे जायचं. रविवारी संध्याकाळी परत. मी शनिवारी सकाळच्या शाळेला निघाले की ती टोपली डोक्यावर घेऊन स्टँडकडे जाताना दिसायची आणि टोपलीच्या भाराने तिची मान ताठ झालेली असायची. एकटी चिमा एवढे बोंबील खाते तरी किती, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. माझं लक्ष माझ्या कढईकडे.

शिमगा झाल्यावर आणखी एक गोष्ट झाली. लवूदादाचा हातोडा हरवला. तो त्याच्या बापाचा हातोडा, दांडा बापाने स्वतः घडवलेला. पेट्या ठोकताना लागेल म्हणून तेवढाच बाहेर ठेवला होता. सगळं घर शोधलं, म्हणजे रिकामं घर शोधायला किती वेळ लागणार. शेवटी त्याने ठरवलं की धोंडू घेऊन गेला. बापाचा हातोडा, दोघांचा हक्क, धोंडूने संधी साधलीन. त्याने माझ्याकडून कार्ड मागून घेतलं आणि चष्मा नसल्यामुळे माझ्याकडूनच लिहून घेतलं. त्यातले दोन शब्द मी लिहिले नाहीत. धोंडूने उत्तरच दिलं नाही, तेव्हा लवूदादाची खात्रीच पटली. हंगाम सुरू झाल्यावर मांगरातल्या हातोड्याने खिळ्याला तीन-तीन ठोके लागायला लागले आणि तो संध्याकाळी घरी येऊन भिंतीकडे बघत बसायला लागला. घरी लागेल म्हणून वहिनीने माझा हातोडा नेला. तो परत आला नाही, आणि मीही मागितला नाही. एवढी भांडी गेली होती, त्यात एक हातोडा.

त्याच सुमाराला माझ्या लक्षात आलं, की आमच्या दोन घरांमधला गडगा खचतोय. जांभ्याच्या फुटक्या दगडांची ती कंबरेएवढी भिंत माझ्या वडिलांच्या वेळची. दर आठवड्याला ती थोडी खाली यायची. मी रघू गवळ्याच्या म्हशीला धरलं. म्हैस अंग घासते आणि दगड पाडते, असं माझं म्हणणं. रघू म्हणाला, बाई, म्हैस दगड पाडील, पण घेऊन कशाला जाईल. हा प्रश्न चांगला होता, पण मी त्या दिवशी फार रागात होते. चैत्र संपेपर्यंत गडगा गुडघ्याएवढा राहिला आणि वहिनी पातेलं मागायला वळसा न घालता सरळ त्यावरून पाय टाकून यायला लागली. तेवढं एक बरं झालं होतं.

लवूदादा मात्र रोज संध्याकाळी मांगरातून आला की पडवीतल्या पेट्यांवर थाप मारत फिरायचा, एखादी कोपऱ्याला धरून जराशी उचलून बघायचा आणि समाधानाने म्हणायचा, "जशीच्या तशी हाय."

अखेर भागोजीच्या देवाने उजवा कौल दिला. दस्ताची तारीख मिळाली, अक्षय तृतीयेचा आदला दिवस, गुरुवार, सकाळी अकरा. आणि मंगळवारी ते झालं.

हंगाम भरात होता. मांगरात जागा उरली नाही म्हणून आप्पांच्या भरलेल्या चाळीस पेट्या लवूदादाच्या पडवीत आणून ठेवल्या होत्या, त्याच्याच पेट्यांना लागून. ट्रकवाले मांगरात गेले आणि विचारलं, पडवीतल्या किती उचलायच्या. लवूदादाचे हात आंब्यात होते. "सगळ्या," तो म्हणाला. चार महिने एक वस्तू डोळ्यांसमोर असली की ती घराचाच भाग होऊन जाते. आपल्या एकतीस पेट्या तिथे आहेत हे त्याला त्या क्षणी आठवलंच नाही.

मी शाळेतून येत होते. पाहते तर दारात ट्रक, आणि लवूदादाच्या नंबर घातलेल्या पेट्या वर चढतायत. वहिनी मिरकरवाड्याला गेलेली. माझा समज असा झाला, की कागद एकदाचा झाला आणि ही दोघं मला एका शब्दाने न सांगता चालली. तीन माणसांचा स्वयंपाक एका कढईत चार महिने करून ही किंमत. मी इतकी चिडले की हमालांना म्हटलं, आत माजघरात अजून दोन आहेत, त्याही न्या, काही ठेवू नका. मग घरी जाऊन दार लावून बसले आणि थोडी रडले. हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

संध्याकाळी धाकू हमाल निरोप घेऊन आला. ट्रक गेल्यावर तासाभराने लवूदादाला आठवलं. पेटी नंबर एकमध्ये घराचे कागद, आणि पेटी मुंबईच्या वाटेवर. कागद नाहीत तर गुरुवारी दस्त नाही, दस्त नाही तर सावर्ड्याचं घर नाही. तो घरी न येता मांगरातूनच दुसऱ्या ट्रकवर चढला आणि गेला. तीस वर्षांत पहिल्यांदा लवू शिवलकर हंगामात मांगर सोडून गेला होता. आप्पा तर उभेच राहिले, असं धाकू सांगत होता.

वहिनी परत आली ती मासळीची टोपली घेऊन. मी तिला निरोप सांगितला. ती पडवीच्या पायरीवर बसली आणि आधी तिला हसू आलं. एवढी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. मग हसू ओसरलं आणि तिचा चेहरा उतरला.

"बाई," ती म्हणाली, "पेट्यांत काय नव्हतंच."

"काही नव्हतं म्हणजे? मग एवढ्या जड कशा होत्या?"

"तुमचा गडगा होता."

मग तिने सगळं सांगितलं. लवूदादा कामावर आणि मी शाळेत गेले की ती एकेक पेटी उघडायची. आतलं सामान टोपलीत, वर सुकी मासळी. एसटीत बोंबलाच्या टोपलीत हात घालून बघायची कुणाची छाती होत नाही. कंडक्टरसुद्धा तिला मागची जागा द्यायचा आणि स्वतः पुढे जाऊन उभा राहायचा. लवूदादा रोज पेट्या उचलून बघतो, म्हणून वजनाला गडग्याचे दगड. पेंढा होताच. आधी लवूदादाच्या आणि मग माझ्या हातोड्याने फळ्या पुन्हा ठोकायची. पितळी डबे, लुगडी, देव, घड्याळ, चष्मा, सगळं शिमग्याच्या आधीपासून थोडं थोडं करत सावर्ड्याला चिमाच्या घरी लागलं होतं आणि सगळ्याला मासळीचा वास येत होता. पाटा तेवढा जड म्हणून न्यायचा राहिला. त्या पेटीत दगड घालावे लागले नाहीत.

"आणि घराचे कागद?" माझा जीव तिथेच अडकला होता.

ती आत गेली आणि तांदळाच्या डब्यातून कागदांची गुंडाळी घेऊन आली. पहिल्या दिवशी तिने पहिली पेटी उघडली होती ती त्यासाठीच. कागद हाताशी हवेत, एवढं तिला कळत होतं. लवूदादा त्या कागदांमागे मुंबईला गेला होता आणि त्याच तांदळाचा भात तो रोज जेवत होता.

मी विचारलं, एवढा खटाटोप कशासाठी केलात. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. म्हणाली, आधी धोंडूभावजींची सही, मग देवाचा कौल, मग आणखी काय निघालं असतं कोण जाणे. आणि मग हळूच म्हणाली, "ह्यांना आता वाटंल, मी ह्यांना सोडून चालले होते."

"चालला होतात का?"

तिने टोपली उचलली आणि आत गेली. त्या संध्याकाळी माझी कढई माझ्याकडेच होती आणि मला काही शिजवायचं सुचलं नाही.

बुधवारी मी शाळेतून अर्धी रजा घेतली आणि पोस्टातून आप्पांच्या दलालाला ट्रंक कॉल लावला. दोन तासांनी लागला. दलाल इतक्या मोठ्याने बोलत होता की फोनची गरज नव्हती. फळबाजारात बोली रुमालाखाली लागते. विकणारा आणि घेणारा रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबतात आणि भाव ठरतो. आप्पांचा मार्का म्हणून पाच पेट्या न उघडता गेल्या. भायखळ्याच्या एका फळवाल्याने दुकानासमोर पेटी फोडली, तर आत रत्नागिरीचा जांभा. दुसरी फोडली, तर तेच. तिसऱ्या पेटीच्या वेळी गर्दी जमली. तेवढ्यात तुमचा माणूस आला, दलाल सांगत होता. सगळ्यांना वाटलं, आता हा ओरडेल. पण त्याने एक फळी उचलली, खिळ्यांवरून अंगठा फिरवला, दुसरी उचलली, तीही चाचपली, आणि दगडांच्या पेटीवर बसून राहिला. चहा दिला तर घेतला नाही. "फसवणूक आहे ही," दलाल म्हणाला. मी त्याला म्हटलं, दगड माझ्या वडिलांच्या वेळचे आहेत, सांभाळून ठेवा. आणि फोन ठेवला.

वहिनीला मी सगळं सांगितलं, अंगठा फिरवल्याचंसुद्धा. ती डावखुरी आहे. खिळा मारला की तो तिच्याकडून जरासा डावीकडे कलतो. चष्म्याशिवाय घरी हे लवूदादाला दिसलं नव्हतं, आणि चाचपून बघावं अशी शंकाच त्याला आली नव्हती. शंका आल्यावर त्याच्या अंगठ्याला डोळे लागत नाहीत.

गुरुवारी सकाळी भागोजी आठलाच येऊन बसला, मुलगा आणि सून यांच्यासकट. सून माझ्या घराकडे बघत होती, बहुधा शेजार कसा आहे ते. नऊला लवूदादा आला. रात्रभर एसटीत बसून आलेला, दाढी वाढलेली, काखेत पेटीची एक फळी. वहिनी पडवीत उभी होती, हातात कागदांची गुंडाळी. मी गडग्यापाशी होते. जायला हवं होतं, पण गेले नाही.

त्याने कागदांकडे पाहिलंसुद्धा नाही. फळी तिच्यासमोर धरली.

"हा खिळा तू मारलास?"

"मीच."

"पाच ठोके घातलंस. अंगठ्याला कळतं." मग तो थांबला. "पण हौसा, एक दगड हलला नाय. कशेडीचा घाट चढून उतरून गेली पेटी. फळी काढली तर दगड जिथं ठेवलंस तिथंच. तीस वर्षं मी पोरांना शिकवतोय, एकाला असा पेंढा घालता येत नाय."

लवूदादाने फळी खाली ठेवली आणि तो पायरीवर बसला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला.

"कागद झाला नसता, तर गेली असतीस?"

"गेले असते," वहिनी म्हणाली. "पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत माझी बहीण आंधळी झाली. आता पुढचं वर्ष नाय माझ्याकडे."

"आणि मी?"

"तुमचा हातोडा शिमग्यातच नेलाय. चिमाच्या पडवीत खुंटीला टांगलाय. हातोड्यामागून आला असतात की."

लवूदादाने तिच्याकडे पाहिलं. मी त्याला तीस वर्षं ओळखते, पण त्याचे डोळे भरलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. मग त्याने हाताने तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, एक कार्ड द्या. धोंडूला माफीचं लिहायला हवं."

दस्त झाला. लवूदादाने माझा चष्मा लावून सही केली, वहिनीने अंगठा दिला. भागोजीने देवाला हात जोडले आणि सुनेला सांगितलं की आता घर तुझं. दुपारच्या एसटीने दोघं निघाली. चार महिने बांधाबांध केलेली ती दोघं एका कापडी पिशवीनिशी स्टँडवर उभी होती. पिशवीत दोन पातळं, दस्ताची पावती आणि देव्हाऱ्यातली सुपारी. दुसऱ्या दिवशी, ऐन अक्षय तृतीयेला, मास्तरांचं घर वहिनीच्या नावावर झालं. लवूदादाच्या नाही, तिच्या. हे त्याने मुंबईहून परत येताना एसटीत ठरवलं होतं.

आप्पांच्या मार्क्याची बाजारात थोडे दिवस थट्टा झाली. आप्पांनी लवूदादाला एवढंच विचारलं, की दगड भरले कुणी, कारण पुढच्या हंगामाला त्यांना त्याच्या जागी माणूस हवा होता. पाटा मुंबईलाच राहिला. तो दलालाच्या बायकोने ठेवून घेतला आणि तिच्या चटणीला फार चव येते, असा निरोप आला. भागोजीने दोन महिन्यांत गडगा पुन्हा बांधला, पहिल्यापेक्षा हातभर उंच. त्याची सून चांगली आहे, पण तिच्याकडे स्वतःची भांडी आहेत.

जायच्या दिवशी सकाळीच वहिनीने माझी सगळी भांडी घासून परत दिली होती. पातेली, तवा, विळी, गाळणं, ताटं, सगळं जिथल्या तिथे. ती गेल्यावर मी एकेक लावत होते तेव्हा लक्षात आलं, की हातोडा नाही. आधी वाटलं, विसरली असेल. मग हातातलं ताट तसंच धरून मी स्वयंपाकघरात उभी राहिले, कारण हौसावहिनी काही विसरणाऱ्यांतली नव्हे.

चिमाच्या पडवीत आता दोन हातोडे आहेत, शेजारी-शेजारी टांगलेले. दर मे महिन्याच्या सुट्टीत मी माझा आणायला सावर्ड्याला जाते, आठ दिवस राहते, आणि तो तिथेच विसरून येते.